वाकडी कापलेली पट्टी

बसा. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, तरी बसा. उभ्या-उभ्या सांगायची ही गोष्ट नाही. मुलीला सांगितली नाही, भावाला नाही. जिला सांगायला हवी होती ती गेली, तिलाही नाही सांगितली. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो, तिथेही तोंड उघडलं नाही — देवालासुद्धा टाळलंय मी. मग तुम्हालाच का? ते मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून असेल.

लिहिण्याचा सराव नाही मला. सातवी झाली आणि शाळा सुटली. पण कागद ओळखतो. माजिवड्याच्या एका छापखान्यात मी कटिंग मशीनवर होतो. छापून आलेले ताव एकावर एक रचायचे, कडा ठोकून बरोबर करायच्या, पातं खाली आणायचं. पुस्तक असो, लग्नपत्रिका असो, औषधाचं खोकं असो — माझ्या हाताखालून गेल्याशिवाय त्याला कड यायची नाही. गर्वाने सांगत नाही. — खोटं. गर्वानेच सांगतोय. नोकरीभर वाकडी कड माझ्या हातून गेली नाही. मालक म्हणायचा, शंकरच्या कापावर काटकोन तपासायला गुण्या लावून बघू नका, गुण्याच चुकीचा निघेल.

हे आधी सांगितलं, कारण पुढे लागणार आहे.

मंदा माझी बायको. गेल्या दिवाळीनंतर गेली. ताप आला, छातीत उतरला, आणि गेली. तिच्या डोळ्यांचं पुढे सांगणार आहे, पण डोळ्यांमुळे ती गेली नाही. ते मी माझ्या माथ्यावर घेत नाही. जे माझं आहे तेवढंच घेतो — ते पुरेसं आहे.

आता घरात बसवत नाही. कोपरला आमच्या दोन खोल्या आहेत, खाडीच्या अंगाला. भिंतीवर एक कॅलेंडर सोडलं तर सगळे मंदाने विणलेले कागद. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, लाल-पिवळ्या पट्ट्या, एक वरून एक खालून, चटईसारख्या. कागद सपाटच. पण समोर उभे राहा — मधोमध फुगतो, टम्म, पुरीसारखा. दुसऱ्यात खड्डा पडतो, बघता बघता विहीर होते. तुम्ही चाललात की तोही हलतो. पूर्वी मजा वाटायची. आता मी पाणी प्यायला उठलो की भिंत माझ्याबरोबर उठते. एकदा सगळे उतरवून पलंगाखाली सरकवले. वर्षा आली, आमची मुलगी, ठाण्याला दिलीय. भिंती बघून म्हणाली, "बाबा, आईला पलंगाखाली घातलंत?" परत लावले. काय करणार?

हे विणणं सुरू झालं वर्षाच्याच शाळेमुळे. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची चटई करायला लावतात, तुम्हीही केली असेल. मी छापखान्यातली कातरण घरी आणलेली, रुंद-बारीक सगळी एकत्र. मंदाने पोरीला शेजारी घेऊन विणायला घेतलं. कडेला रुंद पट्ट्या लावल्या, रुंद संपल्या म्हणून मध्ये बारीक लावल्या. झाली चटई, तर मधोमध खड्डा. पोरगी त्या खड्ड्यात बोट घालायला गेली आणि बोट फरशीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी मार्क कापले. चौकटी सारख्या नाहीत, म्हणाल्या. मंदा म्हणाली, "बाईंना खड्डा दिसला नाही वाटतं." आणि तिथून ती जी विणायला लागली ती थांबलीच नाही. मला तर वाटतं, बाईंना खड्डा दाखवायचा म्हणूनच ती सगळं आयुष्य विणत होती.

कापायचं मी, विणायचं तिने. तिला नुसतं बघून कळायचं कुठली पट्टी कुठल्या पट्टीनंतर. मला ते कधी जमलं नाही. पण एक गोष्ट माझी होती, आणि ती मी फुशारकीने सांगायचो. लोकांना वाटतं, पट्ट्या वाकड्या कापतात म्हणून कागद फुगल्यासारखा दिसतो. तसं नाही. आमच्या सगळ्या पट्ट्या सरळ. रुंदी तेवढी कमी-जास्त होत जाते. एखादी जरी वाकडी गेली, तर डोळा नेमका तिच्यावर जाऊन बसतो. खड्डा मोडतो, नुसता कागद उरतो. डोळ्याला फसवायचं असेल तर कापणाऱ्याचा हात खरा पाहिजे — हे माझं बोलणं. मंदा म्हणायची, झालं यांचं कीर्तन सुरू.

जरा उठून आलो. चहा टाकला, घेतला नाही. सांगतो.

मंदाचा डावा डोळा जन्मापासून अधू. लग्नाआधी तिच्या वडलांनी स्वतः येऊन सांगितलेलं, लपवलं नव्हतं. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. म्हणजे जो काही संसार दिसायचा तो एका उजव्या डोळ्याने. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हेही लक्षात ठेवा.

आता दादा. माझा मोठा भाऊ. बँकेत साहेब होता. बाळकुमला उंच बिल्डिंगीत राहतो. घरचा गणपती त्याच्याकडे, मान मोठ्याचा, त्यात माझी तक्रार नाही. दादाने माझं वाईट कधी केलं नाही. पण चार माणसांत ओळख करून देताना म्हणायचा, "हा आमचा शंकर, कागद कापतो." एवढंच. त्यात खोटं काय आहे? काही नाही. तरी ते मला वर्षानुवर्षं लागायचं. नखात काच जावी तसं. दिसत नाही, पण भाजी चिरताना कळते.

थर्माकोल बंद झाल्यापासून वहिनी कापडाचं तयार मखर आणायची. एका विसर्जनाला मूर्ती निघून गेलेली, पाट रिकामा, सगळे बसून वाटली डाळ खात होते. मी बोलून गेलो, "पुढच्या वर्षी मखर मी करतो. कागदाचं. मूर्ती भिंतीला टेकून बसेल, आणि बघणाऱ्याला वाटेल मागे गाभारा आहे, खोल."

मी करतो, म्हणालो. आम्ही करतो असं नाही म्हणालो. मंदा शेजारीच बसलेली.

दादा म्हणाला, "शंकऱ्या, कागद कापतोस रे तू. देऊळ नाही बांधत."

सगळे हसले. मंदाही हसली, मला दिसू नये म्हणून डाळीच्या वाटीत बघत. मी नाही हसलो. ते हसणं मी घरी घेऊन आलो आणि वर्षभर सांभाळलं. छापखाना तेव्हा सुटलेला, घरीच होतो. करायला दुसरं काय होतं?

श्रावण लागला तसे आम्ही बसलो. दादाच्या हॉलची एक अख्खी भिंत भरायची होती. काळे कार्डशीट, पांढरे कार्डशीट. मी फूटपट्टी आणि कटर घेऊन जमिनीवर, मंदा खिडकीपाशी उजेडाला. कडेला चार बोटं रुंद पट्ट्या, आणि मध्ये येता येता भाताच्या काडीएवढ्या. कडेचं काम पटापट झालं. खरं काम मधलं. त्या काड्या एकात एक घालणं माझ्या जाड बोटांचं काम नाही. ते फक्त तिचं.

एक दिवस जेवणं झाल्यावर ती विणायला बसली आणि म्हणाली, "अहो, ही वाकडी आहे."

मला राग आला. वाकडी म्हणजे काय? फूटपट्टी आणून पट्टीवर ठेवली. सरळ. तिने मान तिरकी करून बघितलं. मग कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "हाताला सरळ लागते. बघितली की मध्येच वाकते." मी म्हटलं, जेवणाची सुस्ती आहे तुला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पट्टीला तेच. आणि मग एका दुपारी ती खिडकीकडे बघत राहिली नि म्हणाली, "हा गजसुद्धा पोट काढून उभा आहे बघा."

मी हातातला कटर खाली ठेवला.

का ठेवला ते सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, अडाणी माणूस, त्याला काय कळणार. मला कळलेलं. आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणारे एक म्हातारे होते. त्यांना ओळी वाकलेल्या दिसायला लागल्या. माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, शंकर, कागद तिरका कापलास काय? मी सरळ करून दाखवायचो, आणि त्यांची पाठ वळली की आम्ही हसायचो. मग त्यांचं येणं बंद झालं. शेवटी एकदा मुलाचा हात धरून आले, सगळ्यांना भेटायला. आवाजावरून माणसं ओळखत होते. डोळ्याच्या आतला पडदा गेला म्हणाले, लवकर दाखवलं असतं तर थोडा राहिला असता. मी त्यांच्या पाया पडलेलो. म्हणजे हे मी डोळ्यांनी बघितलेलं. रेघ वाकली की काय होतं, ते सबंध कोपरमध्ये कोणाला माहीत नसेल, पण मला माहीत होतं.

मंदा म्हणाली, "उद्या डोळे दाखवून येऊ या का?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायला काय लागतं? जायचं, दाखवायचं, यायचं. पण डॉक्टर काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं — काम बंद, विश्रांती, बारीक काही करायचं नाही. गणपती तोंडावर आलेले. मधला सगळा भाग उघडा. आणि दादाचं ते बोलणं, ती डाळीची वाटी. एवढंच होतं हो. याहून मोठं काही कारण असतं तर आज सांगायला लाज कमी वाटली असती. मी म्हणालो, "बघू उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी आणायला खाली गेली. मी एक पांढरी पट्टी घेतली. आणि कापली — वाकडी. फार नाही. मध्ये जरासं पोट, ती म्हणत होती तसंच.

ती आली, पिशवी ठेवली, पाय धुतले. मी म्हटलं, इकडे ये. पट्टी तिच्या हातात दिली. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मीच वाकडी कापलीय. हात हलतो अलीकडे. तुला बोललो नाही."

तिने पट्टी बघितली. मग डोळा मिटून बोट फिरवलं, कडेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट मधल्या पोटाशी आलं आणि थांबलं. तिच्या तोंडावर जे आलं ना, ते मी आजवर विसरलेलो नाही. सुटल्यासारखं. ती घाबरलेली होती, मला बोलली नव्हती एवढंच. हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "बाई गं. म्हणजे माझा डोळा ठीक आहे, तुमचा हात म्हातारा झाला."

आणि मग म्हणाली, "पण तो गज?"

मी म्हटलं, "दिवसभर ते काळं-पांढरं बघतेस, डोळ्यांत तेच भरून राहतं. मलाही गज वाकडा दिसतो."

मला सरळ दिसत होता.

हे एकदा लिहिलं गेलं. खाडीपर्यंत जाऊन आलो मध्ये. तिथे एक ओळखीचा भेटला, म्हणाला, काका, घामाघूम झालात. मी म्हटलं, उकडतंय. बघा — आता या वयात, रस्त्यावरच्या माणसालाही खरं नाही सांगता येत.

डॉक्टरचं नाव मग निघालं नाही. आणि पट्ट्या वाकड्या असल्याचंही तिने परत कधी काढलं नाही. मी समजलो, चला, मिटलं. इतका मूर्ख होतो, की नालायक? तिला पट्ट्या वाकड्या दिसतच होत्या. रोज जास्त. पण तिला वाटायचं माझा हात हलतोय, आणि बोलून दाखवलं तर मला वाईट वाटेल. आयुष्यभर ज्या हाताची फुशारकी ऐकली तो हात गेला, असं तिला वाटत होतं. म्हणून ती गप्प. बोटांनी चाचपून विणायची. मी विचारलं, जमतंय ना, की म्हणायची, "मस्त कापल्यात आज." सरळ कापलेल्या पट्ट्या तिला वाकड्या दिसत होत्या, आणि ती माझं मन राखायला त्यांना सरळ म्हणत होती. मी ऐकत होतो. कधी कधी थँक्यू म्हणायचो, मस्करीत.

मखर झालं. दादाच्या हॉलमध्ये लावलं. मूर्ती बसली. आणि खोटं नाही सांगत, तसं काम मी परत बघितलं नाही. गाभारा होता तो. आत, आत, आत जाणारा. सोसायटीतली माणसं यायची, हात जोडायची, आणि जोडलेला एक हात हळूच सोडून पुढे करायची. मूर्तीच्या बाजूने, मागे, किती खोल आहे बघायला. आणि बोटं कागदावर आपटायची. दादानेही केला हात पुढे. सगळ्यांच्या देखत. बोटं टेकली तसा तो वळला आणि माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्यांना म्हणाला, "आमच्या शंकरने केलंय."

ते मला पाहिजे होतं. ते मिळालं. पोटभर मिळालं. मी तिथेही नाही म्हणालो, की मंदाने विणलंय.

मंदा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. मान कधी इकडे तिरकी, कधी तिकडे. वहिनी म्हणाली, "मंदा, स्वतःच्याच कामाला दृष्ट लावतेस काय?" ती हसली. परत येताना रिक्षात पदर सावरून बसली. मग म्हणाली, "अहो, मखर दिसलं मला. कडेचं सगळं दिसलं, छान दिसलं. पण मध्ये बाप्पा नाही दिसला. तिथे नुसतं धुकं होतं."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं, एवढं आठवतं. मी काय म्हणालो ते नाही आठवत.

गौरी-गणपती उरकले आणि तिला ठाण्याला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला. पांढरा कागद, त्यावर काळ्या रेघांच्या चौकटी, आणि मधोमध एक ठिपका. आमच्या घरातल्या चटयांसारखाच — फक्त सगळ्या चौकटी सारख्या. शाळेतल्या बाईंना हव्या होत्या तशा. डॉक्टर म्हणाले, "आजी, ठिपक्याकडे बघा आणि सांगा, रेघा सरळ आहेत की वाकड्या?"

मंदाने मान तिरकी केली. बघितलं. आणि माझ्याकडे वळून, जिथे मी असेन असं तिला वाटलं तिकडे वळून म्हणाली, "ह्यासुद्धा तुम्हीच कापल्यात का?"

डॉक्टर हसले. त्यांना काय कळणार? ती हसत होती म्हणून हसले. मी खुर्चीचा हात धरून बसलेलो. त्यांनी विचारलं, असं वाकडं दिसायला कधीपासून लागलं? मंदा म्हणाली, "आत्ताच, गणपतीत. त्याआधी काही त्रास नव्हता हो." ती खरंच बोलत होती. तिच्या लेखी आधीच्या सगळ्या पट्ट्या माझ्यामुळे वाकड्या होत्या.

तेव्हा सांगता आलं असतं. डॉक्टर माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "काका, तुमच्या लक्षात नाही आलं काही?" मी मान हलवली. नाही. तोंडाने बोललोही नाही, नुसती मान. त्यांनी डोळ्यात सुया दिल्या, पुढे कितीतरी वेळा जावं लागलं. पण आत डाग धरलेला. म्हणाले, थोडं आधी आला असतात तर — आणि थांबले. मंदाच त्यांना म्हणाली, "जाऊ दे डॉक्टर, कळलंच नाही ना आम्हाला." आम्हाला, म्हणाली. मला सांभाळून घेत होती. कशातून सांभाळतेय हे तिला माहीत नव्हतं.

पुढचं आयुष्य तिने कडेने बघितलं. मध्ये काही नाही, कडेला सगळं. ताटातला भात दिसायचा नाही, ताटाबाहेरचं मीठ दिसायचं. दारात माणूस उभा असला की चप्पल दिसायची, तोंड नाही. माझ्याशी बोलताना मान तिरकी करून माझ्या कानाच्या पलीकडे बघायची. म्हणायची, "तुमचा कान तेवढा म्हातारा झालेला दिसतो, तोंडाचं माहीत नाही."

आणि आता जे लिहितो ते त्या पट्टीहून वाईट आहे. ते मी टाळत आलोय या कागदावरसुद्धा.

मला बरं वाटायचं. तिला माझं तोंड दिसत नाही याचं. ती जेव्हा जेव्हा ती गोष्ट सांगायची, आणि आल्या-गेल्याला सांगायची, की यांनी आयुष्यात एकच पट्टी वाकडी कापली, ही बघा — ती पट्टी तिने जपून ठेवलेली, शिवणाच्या डब्यात, काढून दाखवायची — तेव्हा मी समोर बसलेला असायचो. बाकीच्याही तिला माझ्याच हातून वाकड्या गेलेल्या वाटायच्या, पण माझं मन राखायला सांगताना एकच म्हणायची. माझ्या तोंडावर काय असायचं ते मलाच माहीत. तिचा डोळा धड असता तर तिने एका नजरेत ओळखलं असतं. पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार, काय लपतं? पण लपलं. मी तिचा डोळा घालवला, आणि मग त्याच गेलेल्या डोळ्याच्या आड बसून राहिलो. तिला आंघोळीचं पाणी काढून दिलं, वेणी घातली, हात धरून बाजारात नेलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, काकांसारखा नवरा मिळायला पुण्य लागतं. मी ऐकून घ्यायचो.

विणायचं तिने सोडलं नाही. बोटांवर विणायची. शेवटची चटई तिने गेल्या पावसाळ्यात केली, लहानशी, काळी-पांढरी. मी नेहमीसारख्या सरळ पट्ट्या कापून दिल्या. विणून झाली तेव्हा बघितलं, तर मधोमध तिने ती घातलेली. शिवणाच्या डब्यातली. वाकडी. म्हणाली, "राहू दे तिथे. तुमचीपण सही पाहिजे ना कुठेतरी." मग विचारलं, "सांगा, फुगतोय का कागद?"

वाकडी पट्टी मध्ये असली की नाही फुगत. मी आधी सांगितलं तुम्हाला. डोळा तिथेच जाऊन अडतो. मी म्हणालो, "फुगतोय. मस्त फुगतोय."

ती गेल्यावर वर्षाने ती चटई काचेच्या फ्रेममध्ये घालून आणली. तेराव्याला आईच्या फोटोखाली लावली. माणसं आली, तिने सगळ्यांना ती वाकडी पट्टी दाखवली, गोष्ट सांगितली, आई कशी चिडवायची ते सांगितलं. रडता रडता हसली सगळी. दादाचे डोळे भरले. मला मिठी मारून म्हणाला, "शंकर, तुझी ती एक चूकसुद्धा तिने जपली रे." मी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

फ्रेम माझ्या पलंगासमोर आहे. उठलो की दिसते, आडवा झालो की दिसते. बाकीच्या चटया हलतात, ही हलत नाही. रोज माणसं येतात, वर्षा येते, तिची पोरं येतात, फ्रेमपुढे उभी राहतात, काचेवर बोट ठेवून पोट काढलेली ती पट्टी शोधतात. सगळ्यांचे डोळे धड आहेत. अजून कोणाला दिसलेलं नाही.

पांढऱ्या पट्टीची वरची कड जवळ जाऊन बघितली तर तिच्यावर पेन्सिलीची बारीक रेघ आहे. अर्धी कापाबरोबर गेली, अर्धी राहिली. हाताने मला वाकडं जमेना. सवयच नव्हती ना. सरळच जात होतं पातं. म्हणून मी मंदाचं जेवायचं ताट घेतलं, कागदावर उपडं ठेवलं आणि त्याच्या कडेने आधी रेघ मारून घेतली. मग सावकाश, रेघेवरून, कापली.

हात हलून वाकडी गेलेल्या पट्टीला रेघ नसते.